दोरी काचतेय

विहिरी खोदणाऱ्या त्या घरात खोटं बोलायला तशी बंदी नव्हती. धाकटा मुलगा तंबाखू सोडल्याचं वर्षातून चारदा जाहीर करायचा. थोरला गिऱ्हाइकाला आठ दिवसांत पाणी दाखवतो म्हणायचा आणि वीस दिवस लावायचा. म्हातारा बायकोला म्हणायचा, तुझ्या हातचं सगळंच गोड लागतं, आणि ती ते खोटं ओळखून त्याच्या ताटात तीच भाजी दुसऱ्यांदा वाढायची. एवढ्या तेवढ्या खोट्यावर कुणाचंही घर चालतं. पण दोरीवर खोटं बोलायचं नाही, हा म्हातारीचा नियम होता आणि तो कुणी मोडला नव्हता.

दोरी म्हणजे खुणेची दोरी. माती ओढायचा दोर वेगळा, जाड, रहाटावरचा. ही करंगळीएवढी. तिचं एक टोक खाली, काम करणाऱ्याच्या दंडाला. दुसरं टोक वर, काठावर बसणाऱ्याच्या कमरेला, दोन वेढे घालून. खोल विहिरीत हाक घुमते, निम्मे शब्द कळत नाहीत, म्हणून हिसके द्यायचे. एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे पाटी वर चालली, डोकं सांभाळ. तीन म्हणजे वर ये. का आणि कशाला हे विचारायचं नाही. हातातली कुदळ टाकायची आणि यायचं.

एकतीस वर्षं म्हातारा खाली होता आणि म्हातारी वर दोरीला. गेल्या उन्हाळ्यात शेवटची विहीर बांधून झाली, पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत ती गेली. दुखणं उजव्या कुशीत, बरगडीखाली. डॉक्टर म्हणाले, चार महिन्यांपूर्वी आणायचं होतं. चार महिन्यांपूर्वी ती विहिरीच्या तोंडाशी बसलेली होती. म्हाताऱ्याला ते चांगलं आठवत होतं. तो दुपारी वर यायचा, तर तिचा हात कुशीवर दाबलेला.

"काय गं?"

"दोरी काचतेय," ती म्हणायची, आणि वेढे सैल केल्यासारखं करायची.

त्यानं एकदाही वेढे सोडून बघितलं नव्हतं. हे त्याला खात होतं. आणि त्याहून जास्त हे, की जिनं नियम घातला तिनंच दोरीच्या नावावर खोटं सांगितलं. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही म्हणतात. म्हातारा रोज रागवायचा. सकाळी तोंड धुताना, चहा पिताना, तिच्या जागी ठेवलेल्या रिकाम्या पाटाकडे बघताना.

या उन्हाळ्यात काम लागलं ते टेकडीच्या पायथ्याशी, अठरा घरांच्या वस्तीवर. वस्तीची जुनी विहीर आटली होती. तीन दिवसांतून एकदा टँकर यायचा, आणि तो यायच्या आधी भांड्यांची रांग लागायची. रांग लावणारी एक उंच, दणकट बाई होती. तिला सगळे रांगवाली म्हणत. टँकरवर तिचा जेवढा धाक तेवढाच नव्या विहिरीवर. वस्तीच्या वतीनं रहाट ओढायला ती स्वतः यायची. रहाटाचा एक दांडा तिच्या हातात, दुसरा म्हाताऱ्याच्या. गुडघे गेल्यापासून म्हाताऱ्याला मुलांनी खाली उतरू देणं बंद केलं होतं.

खोदाई सहा पुरुष झाली होती. म्हणजे सहा माणसं एकावर एक उभी केली तर शेवटच्याचं डोकं काठाला लागेल एवढी. तळाशी दोघं भाऊ. वर दोरीला थोरल्याची बायको.

दोरी आधी म्हाताऱ्याकडेच होती. पण कामाच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं तीन हिसके दिले, कारण बाजूनं एक ढेकूळ सुटलं होतं. दोघं वर आले. ढेकूळ वांग्याएवढं निघालं. चार दिवसांनी त्यानं पुन्हा तीन दिले. दोघं पुन्हा वर आले, धापा टाकत, डोळ्यांत माती गेलेले.

"काय झालं?"

"मला वाटलं," म्हातारा म्हणाला.

"काय वाटलं?"

त्याला काही दिसलं नव्हतं, नुसतंच वाटलं होतं. थोरल्यानं बापाच्या कमरेचे वेढे सोडले आणि स्वतःच्या बायकोच्या कमरेला बांधले. रांगवाली बघत होती. म्हातारा रहाटाचा दांडा पुसत उभा राहिला, जसं काही त्याला दांडाच पुसायचा होता.

त्यानंतर तो काही बोलला की धाकटा हसून म्हणायचा, "बाबा, आई गेल्यापासून तुम्हाला चमच्यातसुद्धा भेग दिसते."

*

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी सकाळी म्हाताऱ्यानं रहाटावरून खाली बघितलं, तर चार पुरुष खोलीवर, उगवतीच्या बाजूला, मुरूम संपून पिवळी माती लागते तिथं एक डाग दिसला. काल तिथं कोरडं होतं. आज माती काळसर होती, घामानं भिजलेल्या सदऱ्याच्या पाठीसारखी. थोरल्याचा सदरा तिथूनच हातभर वर ठोकलेल्या खुंटीवर लटकत होता. तो रोज उतरताना काढून तिथं टांगायचा, तळाशी चिखलात नको म्हणून.

जेवायला दोघं वर आल्यावर म्हातारा म्हणाला, "उगवतीची बाजू ओली झालीय."

"ओली झाली म्हणजे पाणी जवळ आलं," धाकटा म्हणाला.

"पाणी जवळ आलंय, पण ते तळातून येत नाही. बाजूनं येतंय. पिवळ्या मातीत पाणी शिरलं की ती धरत नाही. आधी दगडानं बांधून घेऊ. मग खाली जा."

"बांधायला किती दिवस?" रांगवालीनं विचारलं.

"दहा. बारा."

"आणि हे दोघं काय म्हणतात?"

"दोन दिवसांत पाणी," थोरला म्हणाला.

रांगवालीनं ताटलीतला हात तसाच धरून म्हाताऱ्याकडे बघितलं. "दादा, राग मानू नका. काल टँकरवर दोन बायकांनी एकमेकींचे केस धरले. एक पोरगं उलट्या करून पडलंय, त्याला द्यायला स्वच्छ घोटभर पाणी नाही. तुम्हाला दोनदा वाटलं, दोनदा काम थांबलं. तुमच्या वाटण्यासाठी अठरा घरांनी किती दिवस जीभ चाटत बसायचं?"

"बाई, मी खोटं नाही सांगत."

"खोटं सांगता असं कुठं म्हणाले? घाबरता म्हणाले."

थोरल्यानं पाणी पिऊन भांडं उपडं ठेवलं. "आई असती तर ती म्हणाली असती, उतरा."

ती काय म्हणाली असती हे आता कुणीही सांगावं. म्हातारा उठला. हात धुवायचं पाणी सुनेनं मोजून दिलं होतं, त्याच पाण्यात त्यानं मूठभर माती भिजवली.

काठापासून तीन पावलांवर जमिनीत एक बारीक भेग होती. केसाएवढी. त्यानं त्या भेगेवर ओल्या मातीचा पातळ लेप आडवा दाबला. ही जुन्या लोकांची परीक्षा. जमीन हलत असेल तर लेप तुटतो.

दोघं भाऊ उतरले. रहाट सुरू झाला. बारा पाट्या झाल्या, पंधरा झाल्या. दांडा फिरवताना म्हाताऱ्याचं लक्ष लेपाकडे. सोळाव्या पाटीला लेप मधोमध तुटलेला दिसला. त्यानं दांडा सोडला, रांगवालीला हिसडा बसला.

"अहो! पाटी सुटेल ना!"

तो काठाशी गुडघे टेकून ओरडला, "वर या! लेप तुटला!"

खालून आवाज घुमत आला, धाकट्याचा. त्यातले दोनच शब्द कळले, ऊन आणि तडकते. उन्हात माती तडकतेच. हेही खरंच होतं. म्हाताऱ्यालाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं की लेप जमिनीनं तोडला की उन्हानं.

तो पुन्हा ओरडला. उत्तर म्हणून खालून सुनेच्या कमरेला एक हिसका आला. एक म्हणजे थांब. गप्प बसा, असं दोरीनं सांगितलेलं.

सून ओशाळली. "मामंजी, ते म्हणतात..."

"कळलं मला."

दोरी त्याच्यापासून चार हातांवर होती. सुनेला बाजूला करून त्यानं ती ओढली असती तरी उपयोग नव्हता. दोरीलाही हात ओळखू येतात. सून आखूड हिसका देते, तो लांब. तिसरा हिसका जायच्या आत खालच्यांना कळलं असतं की बाबा आहेत, आणि ते हसले असते.

उगवतीच्या बाजूनं एक खडा सुटला. त्याचा तळाला लागल्याचा आवाज त्यानं ऐकला. मग दुसरा खडा. खुंटीवरचा सदरा हलला. वारा नव्हता.

म्हाताऱ्यानं विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार करायला वेळ लागतो. त्यानं तोंड उघडलं, "आई गं!" म्हणाला, आणि काठापासून बाजूला अंग टाकून दिलं. डोकं खरोखरच दगडावर आपटलं. एक हात कुशीवर गेला आणि तिथंच दाबून बसला.

"कळ... छातीत कळ..."

सून धावत आली. वाकली. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे बघितलं. एक क्षण ती तशीच राहिली. त्या एका क्षणात म्हाताऱ्याला वाटलं, संपलं, हिनं ओळखलं. मग ती सरळ उभी राहिली आणि कमरेची दोरी दोन्ही हातांनी धरून तीन हिसके दिले, इतके जोरात की तिसऱ्याला तीच पुढं ओढली गेली.

दोरीनं सांगितलं होतं. आता विचारायचं नव्हतं. दोघी बायका रहाटाला लागल्या. धाकटा आधी वर आला, पाटीत एक पाय, दोराला मिठी. आला तसा बापाकडे धावणार, तर सून ओरडली, "आधी भावाला काढा!" तिघांनी मिळून थोरल्याला ओढलं. तो वर आला तेव्हा अर्धा उघडा होता, सदरा खुंटीवरच राहिला होता.

"सदरा राहू दे," सून म्हणाली. "मामंजींना बघा."

*

दूधवाल्याच्या गाडीत, रिकाम्या कॅनच्या मध्ये म्हाताऱ्याला निजवलं. धाकटा त्याचे तळपाय चोळत होता, सून शेजारी बसली होती. थोरला उघड्या अंगावर पोतं घेऊन त्याचं डोकं मांडीवर धरून बसला होता, आणि गाडी खड्ड्यात आदळली की डोक्याखाली तळहात घालत होता. त्याच्या हाताला माती आणि घामाचा वास होता. एवढा मोठा झाल्यापासून या मुलाचा हात बापाच्या डोक्याला लागला नव्हता.

"बाबा, बोलू नका," थोरला रडत म्हणत होता. "बोलू नका. मी दुपारी उगाच तसं बोललो."

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. उघडे ठेवण्यासारखी परिस्थिती नव्हती.

बाजारगावच्या डॉक्टरनं छाती तपासली, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, दंडाला फुगा बांधून दाब बघितला. पट्टी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. "यात तर काही दिसत नाही," तो म्हणाला. "पण वय झालंय. जड उचलायचं नाही. मीठ बंद. अगदी बंद."

परत आले तेव्हा उन्हं कलली होती. वस्तीची सगळी माणसं विहिरीपासून लांब घोळका करून उभी होती. रांगवाली पुढं आली. तिच्या हातात रहाटाचा तुटलेला दांडा होता.

"तुमची गाडी गेली," ती म्हणाली, "आणि तासाभरात..." तिनं दांड्यानं विहिरीकडे दाखवलं. तिला शब्द सापडला नाही असा तो पहिलाच दिवस असावा.

उगवतीची सगळी बाजू गेली होती. सहा पुरुषांची विहीर आता जेमतेम तीन पुरुष उरली होती. बाकी सगळा पिवळ्या मातीचा ढीग. ढिगातून थोरल्याच्या सदऱ्याची एक बाही वर आलेली दिसत होती. कोपरापासून पुढची, जशी कुणी हात वर करून ठेवावा तशी.

थोरला बराच वेळ त्या बाहीकडे बघत राहिला. मग बाजूला जाऊन गुडघ्यांवर बसला आणि ओकला. धाकटा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि स्वतःही रडत होता.

"बाबांच्या छातीनं वाचवलं रे," धाकटा म्हणाला.

"हो," थोरला तोंड पुसत म्हणाला. "नशीब. बाबांना नेमकी तेव्हाच कळ आली."

म्हातारा गाडीला टेकून उभा होता. दोघंही समोर, जिवंत, एक ओकतोय आणि एक रडतोय. याहून चांगलं दृश्य त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. सांगून टाकावं असं त्याला वाटलं. पण जमिनीवर बसलेल्या मुलाला लगेच काय सांगणार? उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं.

*

उद्याचा परवा झाला. सांगायचं राहून गेलेलं खोटं मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखं असतं. पहिल्या दिवशी जा म्हणता येतं, चौथ्या दिवशी त्यालाच चहा करून द्यावा लागतो.

मुलांनी कामावरच्या झोपडीतलं एकुलतं बाजलं बाहेर सावलीत आणून त्यावर बापाला बसवलं. ढीग उपसायचं आणि दगडानं बांधायचं काम सुरू झालं. आता कुणी घाई केली नाही. रांगवालीनं अठरा घरांतून माणसं आणली आणि त्यांचीही रांग लावली, हातोहात दगड यायला लागले. म्हाताऱ्यानं बाजल्यावरून बघायचं. एखादा दगड उलटा बसत असला की तो अर्धा उठायचा, आणि चारी बाजूंनी ओरड व्हायची, "बाबा! बसा!"

जेवण अळणी यायचं. सून त्याच्यासाठी वेगळं काढायची. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, दोन दिवस काय, काढू. तिसऱ्या दिवशी भाजी तोंडात फिरायला लागली. जीभ गवत चघळत असल्यासारखी. भाताला चव नाही, वरणाला चव नाही.

"चालतंय ना, मामंजी?" सून विचारायची.

"चांगलंय."

धाकटा शेजारी बसून मिरचीला मीठ लावून कडकडा खायचा, आणि म्हातारा त्याच्या बोटांकडे बघायचा.

रात्री थोरला बाजल्याशेजारी जमिनीवर झोपायला लागला. कूस बदलली की विचारायचा, "दुखतंय का?"

"नाही रे."

"खरं सांगा."

"खरंच नाही."

आणि हे अगदी खरं होतं, पण कुणाला पटत नव्हतं.

सातव्या-आठव्या दिवशी त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. खोटं बोलणं सोपं असतं. एकदा "आई गं" म्हटलं की झालं. पुढं ते वागवायचं असतं, उठता-बसता. चढावर मुद्दाम धापा टाकायच्या. हसू आलं तर मध्येच थांबायचं, आजारी माणूस एवढं हसतो का म्हणून. संध्याकाळपर्यंत माणूस दमून जातो. आणि त्याचं खोटं तर न दुखणाऱ्या अंगाचं होतं. म्हातारी दुखणाऱ्या अंगानं चार महिने बसली होती. रोज सकाळी उठून, दोरीचे वेढे त्याच जागेवर घेऊन, जेवायला वाढून, त्याच्या थट्टेला उत्तर देऊन. तो राग धरून बसला होता तो तिच्या एका वाक्याचा. त्या वाक्यामागचे चार महिने त्यानं कधी मोजलेच नव्हते.

त्या दिवशी तो तिच्यावर रागावला नाही. रागवायची वेळ झाली तशी त्यानं वाट बघितली, पण राग आला नाही.

*

अकराव्या दिवशी दुपारी सगळे दगड आणायला टेकडीकडे गेले होते. सून मागच्या बाजूला लाकडं फोडत होती. म्हातारा सावकाश उठला, आत गेला, मिठाचा डबा उघडला आणि चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून डोळे मिटले.

"किती दिवस निघतात ते बघत होते," मागून सून म्हणाली.

त्यानं दचकून डबा मागं लपवला. साठीचा माणूस, चोरी पकडलेल्या पोरासारखा.

"मला वाटलं तुम्ही पाचव्या दिवशीच याल," ती म्हणाली. "घट्ट आहात."

"कसली बात करतेस तू?"

"मामंजी, छातीत कळ आली की माणूस हात कुठं धरतो?"

त्यानं नकळत डावीकडे हात नेला.

"आणि त्या दिवशी तुम्ही कुठं धरलात? उजव्या कुशीत. बरगडीखाली." ती चुलीपाशी बसली. लाकूड पुढं सारलं. "डॉक्टरांनी विचारलं नाही म्हणून वाचलात."

म्हातारा खाली बसला. त्याला ते आठवलं. हात त्यानं नेला नव्हता, आपोआप गेला होता. जन्मात त्यानं जवळून पाहिलेलं दुखणं एकच. सोंग काढायची वेळ आली तेव्हा हाताला दुसरी जागा माहीतच नव्हती.

"तुला तेव्हाच कळलं?"

"वाकले तेव्हाच."

"मग दोरी का ओढलीस? दोरीवर खोटं..."

"दोरी कुठं म्हणाली सासऱ्याची छाती दुखतेय म्हणून? दोरी म्हणाली, वर या. यायलाच हवं होतं की नाही?"

त्याला यावर हसू यायला हवं होतं. पण सून हसत नव्हती. ती चुलीकडेच बघून बोलत होती.

"तुम्हाला सोंग येत नाही. ज्याला येत नाही तो सोंग करतोय म्हणजे त्याला काहीतरी दिसलं असणार. आणि दुसरं म्हणजे..." ती थांबली. "ती जागा मी आधी बघितली होती. सासूबाईंचा हात. मला माहीत होतं, मामंजी. गेल्या उन्हाळ्यात. मी त्यांना ओकताना बघितलं होतं."

बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली.

"त्यांनी मला शपथ घातली. म्हणाल्या, विहीर बांधून होऊ दे. ह्यांना कळलं तर ह्यांचं लक्ष खाली राहायचं नाही, आणि लक्ष उडालं की विहीर माणूस खाते. मग जाऊ डॉक्टरकडे. मला ते पटलं. मी गप्प बसले."

"तू मला सांगायला हवं होतंस," म्हातारा म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

"हो."

तिनं कारण दिलं नाही, रडली नाही. नुसतं "हो" म्हणून ती तशीच बसली, जे काही येईल ते अंगावर घ्यायला. म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं. तिशीतली पोर, हातांना दोरीचे घट्टे. हीसुद्धा वर्षभर कसली तरी पाटी ओढत होती आणि त्याला पत्ता नव्हता.

"म्हणून त्या दिवशी ओढलीस," तो म्हणाला.

"तेव्हा गप्प बसले होते. म्हटलं, आता नाही."

म्हाताऱ्यानं मिठाचा डबा जागेवर ठेवला. मग विचारलं, "आणि कड पडली नसती तर?"

"तर तुम्ही खोटे आणि मीही खोटी. दोघं मिळून अळणी खाल्लं असतं."

"तू कुठं खाल्लंस? मीच खाल्लं! अकरा दिवस! माहीत होतं तर घातलंस का?"

"मग? खोट्याला शिक्षा नको?" ती म्हणाली, आणि आता मात्र तिच्या ओठाचा कोपरा हलला. "माणसं वाचली हे चांगलंच. पण तुमचा मुलगा त्या गाडीत पोरासारखा रडला. त्याची शिक्षा अकरा दिवस तरी हवी."

म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कशाचं हे दोघांनीही विचारलं नाही. म्हातारी गेल्यापासून तो एवढ्या मोठ्यानं हसला नव्हता.

*

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा त्यानं सगळ्यांसमोर हात लांब करून मीठ घेतलं आणि वरणात टाकलं.

"बाबा!" धाकटा ओरडला.

"मला कळ आली नव्हती," म्हातारा म्हणाला. "मी खोटं बोललो." मग त्यानं घास घेतला, कारण बोलून झालं होतं.

धाकट्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो हसत सुटला, मांडीवर थापा मारत. "वा रे बाबा! डॉक्टर फसवला, दूधवाला फसवला, आणि मी तळपाय चोळतोय!"

थोरला हसला नाही. तो ताटाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"तुम्ही खरं सांगत होता तेव्हा मी ऐकलं नाही," तो शेवटी म्हणाला.

"मीही आधी दोनदा उगाच ओरडलो होतो."

"पण बाबा, उद्या तुम्हाला खरंच कळ आली तर? आम्ही कसं ओळखायचं?"

हा प्रश्न खरा होता. म्हाताऱ्यानं चावणं थांबवलं. एकदा खोटं बोललेल्या माणसाला याचं उत्तर देता येत नाही, ती त्याची किंमत असते. ती द्यायला त्याची तयारी होती.

"डावीकडे हात असला तर खरी," सून वाढता वाढता म्हणाली.

मग थोरलाही हसला. उशिरा, नाकातून, त्याच्या आईसारखा.

*

बांधकाम तेराव्या दिवशी पुरं झालं. विहीर पुन्हा खाली निघाली. उगवतीच्या दगडांच्या फटींतून पाणी झिरपून तळाशी वीतभर साचायला लागलं होतं, गढूळ, पण थंड. रांगवालीनं पहिला हंडा भरून त्या आजारी पोराच्या घरी धाडला, आणि दुसऱ्यासाठी लगेच रांग लावली.

खाली उतरायच्या आधी थोरल्यानं बायकोच्या कमरेची दोरी सोडली. ती घेऊन तो बापापाशी आला, आणि न बोलता बापाच्या कमरेला दोन वेढे घातले. गाठ मारताना त्यानं जरा जास्तच ओढली.

"घट्ट झाली का?"

"असू दे."

दोघं उतरले. म्हातारा काठाशी बसला, म्हातारी बसायची तसा. खालून कुदळीचा आवाज येऊ लागला. दोरीतून मधूनमधून थोरल्याच्या दंडाची हालचाल त्याच्या कमरेला कळत होती, झोपलेल्या माणसाचा श्वास शेजारच्याला कळतो तशी. दोन हिसके यायचे, पाटी वर जायची. सून रहाट फिरवत होती.

दुपारी ती पाणी घेऊन आली. त्याचा हात उजव्या कुशीवर होता.

तिच्या हातातलं भांडं थांबलं. "मामंजी? काय झालं?"

"दोरी काचतेय," म्हातारा म्हणाला.

तिनं भांडं खाली ठेवलं.

मग त्यानं सावकाश वेढे सैल केले, सदरा वर उचलला आणि तिला दाखवलं. कुशीवर दोरीचा लाल वळ उठला होता, चांगला बोटभर रुंद.

"बघ," तो म्हणाला. "खरंच काचतेय."